शनिवारची सायकल

साखळी घरच्या घरी साफ केली तर परसराम गुरुजींच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. पैशाचं म्हणाल तर विशेष काही नाही. कैलाश सायकलवाला साखळी धुऊन तेल घालायचे असे किती घेणार, आणि तेही पुढल्या खेपेला दिले तरी चालत. खरा फायदा होता तो कैलाशच्या तोंडापासून सुटण्याचा. त्याचं दुकान बरोबर दिघोरीच्या चौकात, पानठेल्यासमोर. "का जी गुरुजी, चेन हाय का जिलबी?" असं तो मोठ्यानं विचारी आणि ठेल्यावरची चार माणसं खर्रा चघळता चघळता हसत. चौथीच्या वर्गाला रोज स्वच्छतेचा पाठ देणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा हे ऐकून घ्यावं लागे. शिवाय मळक्या साखळीमुळे पँटच्या उजव्या पायाला काळे पट्टे उमटत, त्यावर सत्यभामाबाई आठवड्यातून एकदा बोलत. म्हणजे रविवारची एक दुपार घातली की चौकातलं एक आणि घरातली चार, अशी पाच बोलणी वाचत होती. सौदा इतका स्वस्त होता की गुरुजींना तिथंच शंका यायला हवी होती. आली नाही. ते पाट घेऊन सायकलशेजारी बसले.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या वाटणीच्या गडबडीत गुरुजींची सेवापुस्तिका चुकीच्या गठ्ठ्यात बांधली जाऊन गोंदियाला गेली होती, ती अजून परतली नव्हती. ती येईपर्यंत आपल्या नोकरीवर एकही डाग पडू द्यायचा नाही, असं गुरुजींनी ठरवलं होतं. आधीच सेवापुस्तिका एका जिल्ह्यात आणि आपण दुसऱ्या जिल्ह्यात, मग डाग पडला तर तो पुसायला जायचं कुठं?

काम मात्र त्यांनी पद्धतशीर केलं. घरात नुकताच गॅस आला होता, तेव्हा निवृत्त झालेल्या स्टोव्हच्या पोटातलं मातीतेल, म्हणजे रॉकेल, त्यांनी घमेल्यात काढून घेतलं. साखळी उतरवली, त्यात बुडवली, जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासली. कड्या एकशे बारा भरल्या. त्यांनी दोनदा मोजल्या, कारण मोजलेलं पडताळून पाहा असं ते मुलांना सांगत. मग सत्यभामाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं साखळी पुसली. लुगडं तितकंसं जुनं नव्हतं हे नंतर कळलं, पण तो निराळा विषय आहे.

तेल घालायची वेळ आली आणि कुंपणावरून शेजारच्या भय्याजींचं डोकं वर आलं. भय्याजींची पाच एकर धानाची शेती होती, बांधावर वांगी होती, आणि उरलेल्या वेळात सल्ला होता.

"तेल कोणतं घालून राहिले जी, गुरुजी?"

"मशीनचं आणतो आता चौकातून."

"मशीनचं कायले? थे तर पाण्यावानी असते. चार दिवसात वाळते." भय्याजी घरात गेले आणि बाटली घेऊन आले. "हे घ्या. टोळीचं तेल. मोहाच्या बिया आमच्या घरवालीनं, सुलोचनानं, सोता वेचल्या, घाणीवर उभी राहून तेल काढून आणलं. घरचं हाय. माह्या सायकलले मी हेच घालतो."

गुरुजी विज्ञान शिकवत, त्यामुळे त्यांनी ते तेल डोळे मिटून घेतलं नाही. उन्हात बोटावर घेतलं, चोळलं, ओघळू दिलं, दोन बोटांतून ताणून पाहिलं. तेल गुळगुळीत, सोनेरी, वाहतं. पास. त्यांनी साखळीच्या कडीकडीला ते पाजलं. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीललाही पाजलं, तेही बाहेर ठिबकेपर्यंत. भय्याजी कुंपणावरून "अजून, अजून" म्हणत होते.

सोमवार ते शुक्रवार सायकल अशी चालली की कैलाशच्या दुकानासमोरून जाताना गुरुजी मुद्दाम हळू जात. साखळीचा आवाज नाही, पँटला डाग नाही. पाचही बोलणी वाचली होती.

मग शनिवार आला. शनिवारी सकाळची शाळा, साडेसातची. शाळा सहा किलोमीटरवर, पलीकडल्या गावात. गुरुजी साडेसहाला मफलर गुंडाळून निघाले, उजवा पाय पायडलवर ठेवून जोर दिला, आणि पायडल गर्रकन खाली गेलं. दुसरं वर आलं, तेही गेलं. पायडल फिरत होतं, साखळी फिरत होती, आणि सायकल आपल्या जागी उभी होती. गुरुजी सीटवर बसून जोरजोरानं पाय मारत होते आणि अंगण काही संपत नव्हतं.

"काहून जी, घरातच व्यायाम चालू केला का?" सत्यभामाबाईंनी दारातून विचारलं.

सहा किलोमीटर त्यांनी सायकल हातानं लोटत नेली. वाटेत जो भेटे तो विचारी, "पंक्चर का?" आणि गुरुजी "नाही" म्हणत. मग तो विचारी, "मग काहून पायदळ?" मग गुरुजी सायकल आणखी जोरात लोटत. ऊन वर आलं, शाळेचं फाटक दिसलं, आणि शेवटच्या शंभर पावलांवर सहज म्हणून त्यांनी पायडल मारून पाहिलं, तर सायकल झोकात निघाली. केंद्रप्रमुख आनंदराव साहेब नेमके त्या दिवशी भेटीला आले होते. त्यांना दिसलं ते इतकंच, की पाऊण तास उशिरा गुरुजी आरामात सायकलवर येत आहेत.

दुपारी कैलाशनं सायकल उलटी करून चाक फिरवलं. "सायकल एकदम बरोबर हाय जी. हे पाहा, फ्रीव्हीलच्या आत दोन बारके खटके असतात, आमी त्यायले कुत्ते म्हणतो. थेच चाकाले धरतात. तुमचे कुत्ते जागे हायत. आयका, कट्-कट्-कट्. बिघडलंच नाही तर मी खोलू काय? तुमी पाय दाखवा एखाद्या डॉक्टरले."

पानठेला हसला. वाचवलेलं बोलणं व्याजासकट परत आलं.

आनंदराव साहेबांनी खुलासा मागितला. गुरुजी खोटं लिहीत नसत, म्हणून त्यांनी लिहिलं : 'सायकलचे पायडल फिरत होते, साखळीही फिरत होती, तथापि सायकल जात नव्हती.' त्यावर लाल शाईत शेरा आला : 'पायडल फिरत असता सायकल का गेली नाही, याचा स्वतंत्र खुलासा करावा.' तो करायच्या आत दुसरा शनिवार उजाडला आणि सायकल पुन्हा गेली नाही. सोमवारी गेली, मंगळवारी गेली, शुक्रवारी तर उतारावर कैलाशच्या मोटरसायकलला मागे टाकून गेली. तिसऱ्या शनिवारी पुन्हा बंद. लाल शाईचा नवा शेरा आला : 'सदर सायकल केवळ शनिवारीच का जात नाही, हे वारनिहाय तक्त्यासह कळवावे.'

आता ही गोष्ट दोन अंगणांची राहिली नव्हती. चौकात भय्याजींनी निकाल जाहीर केला.

"तुमी माना का नका मानू गुरुजी, पण सायकल लोखंडाची, वार शनवार, अना बिघाड फक्त शनवारीच. याच्यात इच्चार करासारखं काय हाय? शनिमहाराज बसले तुमच्या चेनीवर."

"भय्याजी, ग्रह आकाशात असतो. साखळीवर बसायला त्याला जागा किती लागेल याचा विचार केला का?"

"मंग तुमीच सांगा ना काहून बंद पडते!"

हेच तर गुरुजींना सांगता येत नव्हतं. गुरुजींच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घराच्या उंबरठ्याआत लिंबू आलं ते फक्त वरणावर पिळायला. स्वतःच्या मुलाचं नाव गुरुजींनी धम्मदीप ठेवलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधा, हे त्यांनी वीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आणि आता त्यांच्याच वर्गातली पोरं शुक्रवारी शाळा सुटताना काळजीनं म्हणत, "गुरुजी, उद्या शनवार हाय जी."

"ठीक आहे," गुरुजी ठेल्यासमोर उभे राहून म्हणाले. आवाज थोडा चढला होता. "येत्या शनिवारी याच सायकलवर बसून मी घंटेच्या आत शाळेत पोचलो नाही, तर होळीपर्यंत हँडलला लिंबू-मिरची बांधून फिरीन."

भय्याजींनाही इतकं नको होतं, पण चार माणसांत मागं कसं सरकणार? "अना पोचले तर?"

"तर तुम्ही माझ्या अंगणात, सगळ्यांसमोर बसून माझी साखळी धुवायची."

"मंजूर. पण कैलाशचा हात नाही लागला पाह्यजे." कैलाश म्हणाला, मी तसाही गावात नाही, मी आसगावला सासुरवाडीला चाललो.

चार दिवस गुरुजींनी तक्ता केला. वार, वेळ, निघण्याची दिशा, खाल्लेला नाश्ता, हवेचा रोख. तक्ता सुरेख झाला, उपयोग शून्य. शुक्रवारी सकाळी ते तक्त्यात 'पोहे' असं लिहीत असताना सत्यभामाबाई पाय पुढं करून ओसरीत बसल्या होत्या. थंडीनं टाचा फुटल्या होत्या, त्यांना लावायला भय्याजींकडचीच बाटली घेतली होती.

"अवो, हे तेल निंघतच नाही. जरा उनात ठेवा ना."

गुरुजींनी बाटली हातात घेतली. उलटी धरली. झटकली. आतलं सोनेरी तेल आता पांढुरकं, घट्ट होऊन बुडाला चिकटून बसलं होतं. अख्ख्या दिघोरीनं जोर लावला तरी ते हलणार नव्हतं.

"सत्यभामा," ते हळूच म्हणाले, "हे रोज सकाळी असंच थिजतं?"

"हिवाळ्यात थिजतेच ना. उनात ठेवलं का सुटते. लहान पोराले बी माहीत असते."

गुरुजींनी तक्ता मिटला आणि सायकलकडे पाहिलं. इतर दिवशी सायकल आठ वाजल्यापासून अंगणातल्या उन्हात उभी असे आणि ते दहाला निघत. शनिवारी ती ओसरीतल्या गारठ्यातून सरळ रस्त्यावर. फ्रीव्हीलमधले कुत्ते त्या थिजलेल्या तेलात रुतून बसत, ऊन लागलं की उठत. शनि नव्हता. गार तेल होतं. आणि ते त्यांनी स्वतः, ठिबकेपर्यंत पाजलं होतं.

आता फक्त ते धुऊन काढायचं. म्हणजे मातीतेल. संध्याकाळी ते रिकामी बाटली घेऊन रेशन दुकानदार हिरालालकडे गेले. हिरालालनं कार्ड उघडलं आणि मिटलं.

"गुरुजी, शिक्का हाय तुमच्या कार्डावर. गॅसवाले. तुमाले मातीतेल बंद."

"अरे, स्वयंपाकाला नको. साखळी धुवायची आहे."

"चेनीच्या नावावर कार्ड हाय का?"

"हिरालाल, पावभर दे."

"देलं असतं जी. पण तपासणी आली का मी काय लिहू? सायकलीले देलं? तहसीलीत अर्ज करा, परयोजन लिहा, साहेबानं मंजूर केलं का मी सोता घरी आणून देतो. पंधरा दिवस लागन."

शर्त चौदा तासांवर होती. भय्याजींच्या घरी गॅस नव्हता, त्यामुळे मातीतेल भरपूर होतं. पण शर्तीच्या शत्रूकडे बाटली घेऊन जाणं गुरुजींना लिंबू-मिरचीपेक्षा फार वेगळं वाटेना. पेट्रोल मागावं तर दिघोरीतले मोटरसायकलवाले बाटलीत देण्याइतकं पेट्रोल आपल्या टाकीतही ठेवत नसत. कैलाशच्या दुकानाला कुलूप. गुरुजी घरी आले, गॅसच्या शेगडीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ज्याच्यापायी शिक्का बसला, त्यालाच कामाला लावू."

शनिवारी सहा वाजता सत्यभामाबाईंच्या माहेरचा, भंडाऱ्याहून आणलेला मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, पाण्यानं भरून शेगडीवर चढला. अंगावर पाणी घ्यायचं असेल असं त्यांना वाटलं. मग पाहतात तो मागचं चाक वर करून सायकल स्वयंपाकघराच्या दारात आडवी, आणि गुरुजी फ्रीव्हीलवर तांब्यानं उकळतं पाणी सोडताहेत, खाली तोच गंज ठेवून, पाणी वाया जाऊ नये म्हणून. गंज आत-बाहेर काळाकुट्ट झाला.

"माह्या मायचा गंज!"

"श्श. ऐक."

कट्. कट्-कट्. कट्-कट्-कट्. कुत्ते उठले होते.

पण तेल आतच होतं, आणि बाहेर गारठा होता. गुरुजींनी हिशेब केला : जोपर्यंत पायडल मारतोय तोपर्यंत कुत्त्यांनी चाक धरून ठेवलेलं असणार. पाय क्षणभर थांबला, चाक मोकळं फिरलं, की ते पुन्हा रुततील. म्हणजे सहा किलोमीटर पाय थांबवायचा नाही. उतारावर नाही, वळणावर नाही, कुणी हाक मारली तरी नाही.

आणि त्या सकाळी सगळ्या पंचक्रोशीलाच त्यांच्याशी बोलायचं होतं. तलावाच्या पाळीवर भय्याजी कानटोपी घालून, हातात दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या घेऊन तयार उभे होते. "थांबा जी, गुरुजी! आता बांधून घ्या, मंग त्रास नाही!" गुरुजी पाय मारत त्यांच्या अंगावरूनच गेले. पुढं म्हशींचा कळप आला. गुरुजी रस्ता सोडून कापलेल्या धानाच्या बांधीत उतरले आणि धसकटांवरून दाणदाण आपटत, पाय मारत, धानाच्या रचलेल्या एका पुंजण्याला वळसा घालून परत रस्त्यावर आले. पाळीच्या उतारावर, जिथं जन्मभर प्रत्येक माणसानं पाय सोडून दिले आहेत, तिथंही ते पाय मारत होते. मफलर सुटून मागं फडफडत होता. डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं, म्हणून वाटेतल्या बायांना वाटलं की गुरुजींकडे काहीतरी वाईट घडलं आहे.

कालव्याच्या पुलावर आनंदराव साहेब मोटरसायकल आडवी लावून उभे होते.

"गुरुजी, थांबा. तुमचा तक्ता अजून आला नाही."

गुरुजींनी विचार केला. वरिष्ठांना टाळून जाणं हा डाग, आणि थांबणं हाही डाग. त्यांनी मोटरसायकलला वळसा घातला.

"बोला साहेब, मी ऐकतोय!"

"अहो, थांबून बोला!"

"थांबलो तर उशीर होतो, आणि उशीर झाला तर तुम्ही खुलासा मागता!" दुसरा वळसा.

साहेबांची मान गुरुजींबरोबर फिरत होती. "तुम्ही माझ्याभोवती प्रदक्षिणा कायले घालून राहिले?" चिडल्यावर साहेबही गावचंच बोलत.

"साहेब, सविस्तर शाळेत सांगतो! तक्ता पिशवीत आहे!" तिसरा वळसा पुरा करून गुरुजी सुटले. साहेबांनी मोटरसायकल चालू केली आणि मागं लागले.

सात वाजून चोवीस मिनिटांनी गुरुजी शाळेच्या मैदानात शिरले. प्रार्थनेसाठी पोरं जमत होती. गुरुजींनी ब्रेक दाबला, उतरले, आणि घंटेच्या खांबाला धरून उभे राहिले, कारण पाय आपोआप अजून फिरत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ आलेल्या साहेबांना गुरुजी दम खात म्हणाले, "साहेब, आता तुम्ही बसा. पायडल मारून पाहा."

साहेब बसले. पायडल मारलं. गर्रकन फिरलं. साखळी फिरली. साहेब होते तिथंच होते. त्यांनी आणखी चार वेळा मारून पाहिलं, उतरले, साखळीकडे आणि आपल्या बुटांकडे बघितलं, खिशातून लाल पेन काढलं आणि गुरुजींच्या पिशवीतल्या तक्त्यावर लिहिलं : 'समक्ष पाहिले. पायडल फिरते, साखळी फिरते, सायकल जात नाही. खुलासा मान्य.'

रविवारी गुरुजींच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली. आसगावहून परतलेला कैलाश पुढच्या रांगेत होता. भय्याजी शब्दाला जागले. घरचं मातीतेल घेऊन आले, पाटावर बसले आणि ब्रश हातात घेतला. गुरुजींनी उलटी बाटली दाखवून थिजलेल्या तेलाचं सगळं शास्त्र समजावलं. ठेल्यावरच्या मंडळींनी भय्याजींची भरपूर उडवली, कैलाशनं फ्रीव्हील खोलून आतला पांढरा गोळा सगळ्यांना फिरवून दाखवला, आणि तासाभरानं करमणूक संपली तशी माणसं पांगली. भय्याजी मात्र घासत होते. साखळी कधीच स्वच्छ झाली होती.

"झालं, भय्याजी. उठा आता."

भय्याजी उठले नाहीत. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाले, "गुरुजी, एक इच्चारू? माह्या सायकलले बी हेच तेल हाय."

"मग?"

"मी सकाळी फक्त शनवारी निंघतो जी. बाजारात वांगी घेऊन." ते ब्रशशी खेळत राहिले. "तीन हिवाळे झाले. शनवारी सायकल चालतच नाही. टोपली डोक्यावर घेऊन पायदळ जातो. सुलोचनाले सांगतो, चालणं तब्बेतीले बरं असते. म्हणून तर मले पक्कं माहीत होतं ना, शनि हाय म्हणून."

गुरुजींनी विचारलं, "आणि मग उपाय काही केला की नाही?"

"केला ना. दर शनवारी तेल वाहिलं."

"कुठं?"

"फ्रीव्हीलमंदी."

"कोणतं तेल, भय्याजी?"

"घरचंच," भय्याजी म्हणाले.

गुरुजी कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणा तुमची सायकल," आणि दुसरा पाट ओढून बसले.

तेव्हा सगळं मिळून कुणी काय भरलं, ते असं : सत्यभामाबाईंनी माहेरचा गंज आणि एक लुगडं, जे जुनं नव्हतं. आनंदराव साहेबांनी अर्धी कांडी लाल शाई. सुलोचनाबाईंनी महिन्याचं मातीतेल. परसराम गुरुजींनी तीन शनिवार, आणि शर्त जिंकूनही एका रविवारी हरलेल्याची साखळी धुण्याची पाळी. आणि भय्याजींनी तीन हिवाळ्यांतले सगळे शनिवार, डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन, पायी.